बाईंची मांडणी, उजवीकडून

शबानाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. शबाना म्हणजे आमच्या शेखबाईंच्या भावाची मुलगी. बाईंच्या म्हातारपणी तीच त्यांच्याजवळ राहायची. तिचा फोन एरवी तक्रारीचा असायचा. फुप्पींनी गोळ्या घेतल्या नाहीत, फुप्पी भर उन्हात गच्चीवर जाऊन बसल्या, ताई आता तुम्हीच सांगा त्यांना. म्हणून फोन कानाला लावता लावताच मी विचारलं, आता काय केलं बाईंनी? ती म्हणाली, "ताई, फुप्पी गेल्या. नमाज पढून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चहा घेऊन आले तर…"  मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली.

शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी पोचले तोवर पाहुणे जमले होते. पुरुष मंडळी बाईंना घेऊन गेली आणि आम्ही बायका त्यांच्या खोलीत सतरंजीवर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, बाईंची कापडाची लांबलचक पट्टी लावलेली होती. पिशोरहून आलेल्या एका नात्यातल्या म्हातारीनं ती पहिल्यांदाच पाहिली. तिची नजर डाव्या टोकाला जाऊन थांबली. तिथं नुसतं मांजरपाट आहे, ना रंग, ना टाका. "ये कोरा कायकू छोड़े?" तिनं विचारलं.  मला ठाऊक होतं, पण मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. आता काही आठवडे गेलेत, जमेलसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले आहे.

शेखबाई आम्हाला मराठी शिकवायच्या. पूर्ण नाव मेहरुन्निसा शेख. औरंगाबादच्या मुलींच्या शाळेत मी फुलंब्रीहून एसटीनं यायचे. बाईंना मुलींची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा असावा, किंवा खोडी काढायची हौस असावी, पण बाहेरगावच्या मुलींना त्या गावाच्याच नावानं हाक मारायच्या. मी फुलंब्री. माझ्या शेजारची कन्नड. शिकवताना त्यांची मराठी इतकी लख्ख असायची की शाळेत येणारे पाहुणे हमखास म्हणायचे, बाई, तुम्ही मराठी किती छान बोलता हो! यावर बाई तितक्याच गोड आवाजात म्हणायच्या, तुम्हीपण. आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. हे कौतुक बाईंना मनातून खुपायचं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांच्या नात्यागोत्यात दुसरीच तऱ्हा होती. तिथं त्यांना "तुम तो पूरी मराठन हो गयी" असं ऐकवलं जायचं. तेही तितकंच खुपायचं.

निबंध हा शब्द बाईंना आवडत नसे. त्या मांडणी म्हणायच्या. वर्षातून एकदा प्रत्येक मुलीनं स्वतःची मांडणी करून आणायची. आपण कोण, ते मांडायचं. लिहा, त्याला चित्र जोडा, शिवा, चिकटवा, गाऊन दाखवा, काही करा, पण "माझे नाव" असं म्हणून सुरुवात करायची नाही. हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं म्हणे. मी मागच्या बाकावर होते आणि पहाटेच्या एसटीची झोप माझ्या डोळ्यांवर होती, त्यामुळे मला एवढंच ऐकू आलं की उद्या प्रत्येकीनं आपली मांडणी घेऊन यायचं. आता आमच्या फुलंब्रीच्या घरात मांडणी एकच. स्वयंपाकघरातली, भिंतीला लावलेली, तांब्यापितळेची भांडी रचून ठेवायची. मी घरी जाऊन आईला निरोप सांगितला. आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुमच्या बाईला येड लागलं का काय, मांडणी कशी न्यावी एसटीत? पण बाईंचा शब्द म्हणजे शब्द. आईनं बराच विचार केला आणि मांडणीवरची चार भांडी उतरवून आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गाठोडं बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींनी पुठ्ठ्यावर फुलं, मोर, भारतमाता असं काय काय करून आणलेलं. माझं गाठोडं सुटलं आणि वर्गात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. मी वर्गात तोंड उघडतच नसे. माझ्या व्हय-नायला मुली हसायच्या, म्हणून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हा पोचा कसा पडला? मी सांगायला लागले. "ह्यो तांब्या माज्या आज्जीनं लग्नात आणलेला. पोचा म्या पाडला, आडावर. आईनं लई मारलं. मंग आज्जी म्हनली, ऱ्हाऊ दे, आता तांब्या तुजा झाला…" कसं कोण जाणे, मी बोलतच सुटले. फुलपात्राचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. तास संपला तरी बाईंनी मला थांबवलं नाही. मग त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, याला मांडणी म्हणतात, बाकीच्यांनी परत करून आणा. पुढं मी रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची निवेदिका झाले आणि लई, व्हय, नाय याच शब्दांवर माझं घर चाललं. त्याची सुरुवात त्या तांब्यापासून झाली, हे मी नोकरीच्या मुलाखतीतही सांगितलं होतं. भांडी मी घरी परत नेली. लुगड्याचा तुकडा मात्र शाळेतच राहून गेला.

आम्ही दरवर्षी बाईंना विचारायचो, बाई, तुमची मांडणी कुठंय? आणि दरवर्षी एकच उत्तर यायचं, माझी वाळत घातलीय. आम्हाला वाटायचं, टाळायची ही त्यांची पद्धत. शाळा सुटल्यावरही मी त्यांच्याकडे जात राहिले, लग्न झाल्यावरही जात राहिले, नोकरी लागल्यावर तर दर सुट्टीला. तेव्हा एकदा त्या उत्तराचा उलगडा झाला. बाईंचे वडील पिशोरला रंगारी होते. आसपासच्या गावांतल्या बायका लुगडी, पागोटी, धोतरं रंगवायला द्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी न्यायला यायच्या. काम झालेलं असो वा नसो, अब्बांचं उत्तर ठरलेलं, वाळत घातलंय. म्हणजे रंग चढलाय, पण अजून हात लावायचा नाही. बाईंच्या मांडणीचंही तसंच काहीतरी चाललं होतं. निदान त्यांना तसं वाटायचं.

निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा बाई लहान होत्या. तोवरची त्यांची शाळा उर्दूतली. त्या दिवसांबद्दल त्या फारसं बोलत नसत. घराचं दार आतून लावलेलं असायचं, अम्मी चूल पेटवायलासुद्धा घाबरायची, काही नातेवाईक गाव सोडून गेले, एवढंच कधीतरी सांगायच्या. अब्बा म्हणाले, माझे रंगाचे हौद इथं आहेत, मी कुठं जाऊ? शेजारच्या पाटलांच्या घरातून कितीतरी दिवस भाकरी येत राहिली, हे मात्र त्या दरवेळी आवर्जून सांगायच्या. मग शाळा पुन्हा सुरू झाली आणि फळ्यावर मराठी आली. बोलायला मराठी यायचीच, पिशोरात कुणाला येत नव्हती? अक्षरं तेवढी नवी होती. बाईंनी ती घरी बसून घोटली. नव्या मास्तरांनी पाटीवर नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी अगदी सुबक अक्षरात लिहिलं, पण सवयीनं उजवीकडून सुरुवात केली. आधी मे, त्याच्या डावीकडे ह, मग रु, न्नि, सा. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "सान्निरुहमे." सगळा वर्ग लोळायला लागला. मास्तरांनी मात्र पाटी पुन्हा नीट पाहिली आणि म्हणाले, अक्षर एकही चुकलेलं नाही, फक्त सगळी दुसऱ्या दारानं आत आलीत. धाकट्या भावानं घरी जाऊन गंमत सांगितली आणि त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव सान्नी पडलं. हे भाऊ, म्हणजे शबानाचे वडील, म्हातारे झाले तरी गल्लीच्या तोंडापासून हाक मारत यायचे, सान्नी, चाय रख! मेहरुन्निसा म्हणणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

ही गोष्ट बाई हसत हसत सांगायच्या, पण तिच्यातच त्यांची अडचण होती. एकदा मी फारच मागं लागले. म्हटलं, आम्हा सगळ्यांना लिहितं केलंत, आता तुम्ही स्वतःचं लिहायला नको का? त्यांनी हातातलं वाचायचं भिंग खाली ठेवलं. "लिहायला किती वेळा बसले असंल, तुला काय सांगू. मराठीत सुरू केलं की अब्बा मागं ऱ्हातात. अम्मी तर तोंडच फिरवती. उर्दूत बसलं की तुम्ही पोरी येत नाय. कुठूनबी धरलं तरी अर्धीच येते मी. अर्धी मांडणी काय मांडायची?"  मी निवेदिका, शब्दांवर पोट भरणारी, आणि त्यांचं भिंग उचलून पदराला पुसत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. मरणाची त्यांना भीती नव्हती. आपण अर्ध्याच राहून जाऊ, याची होती.

भिंगही तेव्हा निमित्तालाच उरलं होतं. त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, चालता-फिरता येईल, पण वाचायचं-लिहायचं आता विसरा. मला वाटलं, संपलं. आयुष्यभर अक्षरांत राहिलेली बाई, आता कशाच्या आधारानं बसेल? पण बाईंचं उलटंच झालं. थोडे दिवस शबानावर चिडचिड केली, आणि मग एका सकाळी पलंगाखालची पेटी ओढून काढायला लावली. पेटीत कापडं होती. बोटांनी चाचपून त्या एकेक ओळखायला लागल्या. हे अम्मीच्या शादीचं साटन. हे अब्बांच्या हौदातलं निळं, अजून बघ कसं कडक आहे. ही माझ्या पहिल्या पगाराच्या साडीची किनार. हे शाळेतलं फळा पुसायचं फडकं, धुतलं तरी खडू जात नाही. शबानानं मला फोन केला, ताई, फुप्पी चिंध्या घेऊन बसल्यात, तुम्ही या. मी गेले तर बाई जमिनीवर बसून तुकडे एकापुढं एक लावत होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, फुलंब्री, आलीस का? अक्षरांनी भांडण लावलं होतं बघ माझ्यात. कापडाला कुठली आलीये भाषा?

मग आमचं तिघींचं काम सुरू झालं. बाई तुकडे लावायच्या, शबाना मशीनवर शिवायची, आणि मी माझ्या फोनमध्ये बाईंचा आवाज टिपून घ्यायचे. त्या एकेका तुकड्यावर हात ठेवून बोलायच्या. अम्मीच्या साटनवर बोलताना घरातली दखनी, शाळेच्या फडक्यावर मराठी, आणि अब्बांच्या निळ्यावर तर एकाच वाक्यात दोन्ही. मी रेडिओवाली, बोली बदलली की माझे कान लगेच टवकारतात, पण तो आवाज ऐकताना मला कुठंही सांधा जाणवला नाही. एका दुपारी त्यांनी एक हिरवा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे तुझं तू लाव. मऊ, विटलेला, एका कोपऱ्याला गाठीची घडी. माझ्या आईचं लुगडं. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. आईला जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता… मी तुकडा नाकाशी धरला आणि रडून घेतलं. बाईंनी रडू दिलं. लुगड्याचा तुकडा पट्टीच्या बरोबर मध्ये, फळ्याच्या फडक्याला लागून शिवला. सगळ्यात शेवटी बाईंनी नवंकोरं मांजरपाट जोडायला लावलं. शबानानं विचारलं, यावर काय लावायचं? बाई म्हणाल्या, काही नाही, ते वाळत घातलंय.

शाळेत माजी विद्यार्थिनींचा मेळावा होता. पट्टी तिथं लावायची ठरली. बाईंच्या खोलीत जशी जमिनीवर मांडलेली होती अगदी तशीच आम्ही सभागृहाच्या भिंतीवर लावली आणि एका लहान स्पीकरवर त्यांचा आवाज सोडला. बाई नवी पांढरी ओढणी घेऊन उजव्या टोकाला खुर्चीवर बसल्या, अम्मीच्या साटनशेजारी. बायका यायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. सभागृहाचं दार डावीकडे. येणारी प्रत्येक जण डावीकडून बघत निघायची. स्पीकरवर बाई सांगतायत, हे माझ्या अम्मीच्या शादीचं साटन, हात लावा, कसं गार लागतं, आणि बायका उभ्या आहेत कोऱ्या मांजरपाटासमोर. त्या बिचाऱ्या त्याच्यावरच हात फिरवून एकमेकींकडे बघतायत.  बाईंनी पट्टी उजवीकडून सुरू केली होती. पाटीवर नाव लिहिलं होतं तशीच. आणि घरात इतके दिवस शेजारी बसून आम्हा दोघींच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. शबानाला तर ते सरळच वाटलं होतं, कारण ती उर्दू शाळेत शिकलेली.

मी बाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, बाई, उलटं लागलंय, पटकन उतरवून फिरवू का? त्यांनी मान वर केली. "उलटं? कुणाला उलटं?" मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी शेजारच्या साटनवर हात ठेवला. मला वाटलं, झालं, एवढ्या वर्षांनी मांडणी केली आणि पुन्हा वर्ग हसला. तेवढ्यात माझ्या वर्गातली निर्मला, जिनं तेव्हा पुठ्ठ्यावर मोर आणला होता, ती डावीकडून बघत बघत आमच्यापर्यंत येऊन पोचली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, कित्ती छान केलंय. कोरं कापड, मग शाळा, मग निळं, मग आईचं साटन… तुम्ही लहान लहान होत जाता की यात."

बाईंनी हे दोनदा म्हणायला लावलं. मग त्या हसायला लागल्या, अंग हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे असंच. मी म्हनायचे, एक बाजू धरावी लागंल. नाय लागत गं. हिकडून मी म्हातारी होते, तिकडून लेकरू होते. दोन्हीकडून पुरी हाय मी." मी विचारलं, मग आवाजाचं काय करू, तो जुळत नाही. म्हणाल्या, आवाज माझ्याकडून येऊ दे आणि लोकं दारातून येऊ देत, मध्ये गाठ पडेल. आणि खरंच पडत होती. चालत येणाऱ्या बायका आणि बाईंचा आवाज दोन टोकांनी निघायचे आणि माझ्या आईच्या लुगड्याच्या आसपास एकमेकांना भेटायचे. मी तिथंच उभी राहिले, दिवसभर. निवेदिका म्हणून मी बरेच कार्यक्रम केलेत, त्यात हा सगळ्यात गोंधळाचा आणि सगळ्यात चांगला.

त्यानंतर बाई बदलल्या. म्हणजे तशाच खोडकर राहिल्या, पण आत काहीतरी सैल झालं. मराठी किती छान बोलता असं कुणी म्हटलं तर "तुम्हीपण" म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. "हो, पिशोरची आहे" म्हणायच्या आणि चहा पाजायच्या. आमची शेवटची भेट त्यांच्या खोलीतच झाली. पट्टीखाली बसून त्या शेंगा फोडत होत्या. मी निघताना म्हणाल्या, फुलंब्री, मांजरपाटावर धूळ बसली असेल, जरा झटक. मी झटकलं. एवढीच ती भेट.

मध्यंतरी शबानाचा पुन्हा फोन आला. पट्टी शाळेला द्यायची असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघींनी ती उतरवली. शबानाच्या हातात बाईंची पांढरी ओढणी होती. तिच्या मनात होतं की तिचा एक तुकडा कोऱ्या जागी लावून पट्टी पुरी करावी. ती मशीनवर जाऊन बसलीही. सुई खाली सोडायच्या आधी थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, नको ना?" मी म्हटलं, नको. तिनं ओढणीची घडी केली आणि स्वतःच्या डोक्यावरून घेतली.

आता पट्टी शाळेत मराठीच्या वर्गात लावली आहे. उजवं टोक खिडकीकडे, डावं टोक दाराकडे. बाईंच्या हिशेबानं ते कोरं कापड शेवटचं. पण मुली दारातून येतात, त्यांच्यासाठी ते पहिलं. सध्याच्या मराठीच्या बाईंनी मांडणीचा तास पुन्हा सुरू केलाय आणि पहिल्या तासाला मला बोलावलं होतं. शेंद्र्याहून येणारी एक मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दाराशी उभी राहिली. तिनं मांजरपाटावर बोट फिरवलं आणि मला विचारलं, "मॅडम, हितं काहीच नाय, असं का?"

मी म्हटलं, "वाळत घातलंय."

तिनं लगेच बोट मागं घेतलं, कापडाला पुन्हा धक्का लागणार नाही अशी बाजूनं आत आली, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.